बंबाला काढा देणाऱ्या वहिनीस

वहिनी,

परवा सकाळी तुमचा बंब पेटवला आणि तो माझ्यावर ओरडला.

खोटं सांगत नाही. मी खोटं सांगतो तेव्हा हात जास्त हलवतो, असं तुम्हीच साऱ्या कर्जतेला सांगून ठेवलं आहे. आता एका हातात टाक आहे आणि दुसऱ्यानं कागद धरला आहे, तेव्हा विश्वास ठेवा. आधी बंबाच्या पोटात टकटक झालं, मग खडखडलं, मग घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन जसा दम टाकतं तसा एक हुंकार आला. बंबफोडीचा सगळा भारा जळून गेला तरी तोटीतून आलं ते कोमट पाणी. तेही करंगळीएवढ्या धारेनं, रुसल्यासारखं. मी त्याला म्हणालो, "बाबा रे, त्या गेल्या, त्यात माझा काय दोष?" त्यानं पुन्हा हुंकार दिला. तुमचा बंब, तुमचाच स्वभाव. उत्तर द्यायचं, पण शब्द खर्च करायचे नाहीत.

तो खालापूरहून बैलगाडीत तुमच्याबरोबर आला तो दिवस मला आठवतो. तुमच्या वडिलांनी एकाच तांबटाकडून दोन बंब करून घेतले होते. एक स्वतःच्या घरी ठेवला, एक लेकीला दिला. आपल्याकडे तोवर अंघोळीचं पाणी हंड्यात, चुलीवर तापायचं. त्यामुळे नवरी बघायला आलेल्या बायका आधी बंबच बघून घ्यायच्या. उंच गोल पिंप, मधून आरपार नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. एक जण म्हणाली, "नवरीपेक्षा बंबच उजळ हाय गं." आणि खाली मान घालून बसलेल्या नवरीच्या पदराआडून आवाज आला, "त्याला चिंचेनं घासलाय. मला नुसत्या हळदीनं." बायकांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, मला गेलं. या घरात थट्टेखोर आता आपण दोघं झालो, असं मला त्या क्षणी वाटलं.

मग डाळीचं रामायण झालं. तूरडाळ चुलीवर चढवलीत ती शिजेचना. दाणे आपले टणक, पाणी वेगळं, डाळ वेगळी. आईनं डाव आपटला. "खालापुरात मुलींना सैपाक शिकवत नायत का?"

"शिकवतात. पन तिथं डाळ शिजते. पाताळगंगेच्या पान्याला दोन उकळ्या पुरतात. हे विहिरीचं पानी जड हाय."

"मग डाळ खालापुराला नेऊन शिजव!"

दादा ओसरीवर खोकून हसला. मी उघड हसलो. आईनं दोघांकडेही असं बघितलं की त्या संध्याकाळी कच्ची डाळ आम्ही दोघांनी मुकाट्यानं खाल्ली.

उल्हास नदी दाराशी असताना आपण विहिरीचं पाणी का वापरतो, हे तुम्ही विचारलंत ते दादाला नाही, मला. आणि तेव्हा मला नकला सुचल्या नाहीत. घाटात रेल्वेचा रस्ता फोडत होते, मजुरांच्या तळांवर पटकी लागली, ती नदीकाठानं खाली आली, आणि दादाच्या पाठचा, माझ्या आधीचा आमचा भाऊ एका दिवसात गेला. आईनं नदीवर बोट रोखून सांगितलं, हे पाणी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. बाबांनी परसात विहीर खणली ती त्या दुःखात. खडक लागला तरी थांबले नाहीत. पाणी लागलं ते मचूळ आणि जड, पण ते आमचं होतं, झाकलेलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत. त्यानंतर डाळीत चिमूटभर पापडखार पडू लागला आणि आईच्या स्वयंपाकघरात खालापूरचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण बंब बोलू लागला होता. वर्ष दोन वर्षं गेली, तशी त्याला लाकडं जास्त लागू लागली. तुम्ही झाकण काढून, खांद्यापर्यंत हात घालून आतली नळी चाचपलीत, तर नखं पांढरी होऊन बाहेर आली. आत चुन्यासारखं पुट चढलं होतं. माहेरी गेलात तेव्हा वडिलांच्या बंबातही हात घातलात. तो आतून तळहातासारखा साफ. एकाच तांबटाचे, एकाच पत्र्याचे दोघे भाऊ. एक खालापुरात सुखानं नांदतो आणि दुसरा कर्जतेत म्हातारा होतो! परत आल्यावर गाडीतून उतरायच्या आधी तुम्ही निकाल दिलात, "भावोजी, तुमचं पानी बाधलंय त्याला."

"पानी ते पानी, वहिनी. तांबं जाड असलं की बंब टिकतो."

"जे डाळ शिजवत नाय ते बंबाला काय सुखानं ठेवनार?"

आपल्या वादाचा हा पहिला दिवस. शेवटचा अजून यायचा आहे, कारण मी हरलोय असं मी अजून म्हटलेलं नाही.

मग तुम्ही काढा सुरू केलात. दर अमावास्येला. माठात आमसुलं आणि चिंच भिजत घालायची, कोळून घ्यायची, बंबात ओतायची आणि वर विहिरीचं पाणी भरायचं. नळीत लाकूड नाही, भाताचा तूस घालायचा. तो नुसता धुमसतो, भडकत नाही. मग बंबाच्या पोटाला कान लावून बसायचं. आत सुरसुर चालते तोवर हात लावायचा नाही. सुरसुर थांबली की तोटी सोडायची. दुधासारखं पाणी, त्यात अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे. ते पाणी कुंपणापार नेऊन ओतायचं. केळीच्या आळ्यात ओतलं तर तुम्ही जीव घेतला असतात. मग काठीला काथ्या बांधून आतून घासायचं, दोनदा विसळायचं, आणि मग पहिलं पाणी दादासाठी.

दादासाठी. हे सगळं दादासाठीच होतं, आणि ते तुम्ही कधी बोलला नाहीत. जन्मभर चिखलात वाकून भाताच्या आवण्या केलेले त्याचे गुडघे. सकाळी ते वळायचे नाहीत. बाजेवरून बंबाजवळच्या दगडापर्यंत तो माझ्या खांद्यावर यायचा, आणि तुम्ही कढत पाण्याचे तांबे ओतत राहिलात की परत जाताना स्वतःच्या पायांनी जायचा. बंब दमला असता तर माझा भाऊ बाजेवर राहिला असता. इतकी साधी गोष्ट होती ती. मी मात्र तिचं नाटक केलं.

काय करणार, तुम्ही विषयच असा दिला होतात! ओसरीवर चार माणसं जमली की मी वैद्य व्हायचो. बंबाच्या तोटीची नाडी बघायची, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "कफ झालाय. दमेकरी आहे. घरची सून पथ्य पाळू देत नाही." मग लगेच उठून तुम्ही व्हायचो. पंचा डोक्यावरून घ्यायचा, कमरेला खोचायचा, माठ उचलायचा, बोटांनी आमसूल कोळायचं, डावा कान बंबाला लावून भुवया वर करायच्या. दादाला हसून ठसका लागायचा. तुम्ही आतून ओरडायचात, "भावोजी, मी काय अशी वाकते व्हय?" आणि दाराच्या फटीतून बघत राहायचात. मला ती फट दिसायची, वहिनी. मी तिच्यासाठीच जरा तिरका उभा राहायचो.

एकदा तुम्ही अगदी गंभीरपणे विचारलंत, "टेसनातलं इंजिन कुठलं पानी पितं?" मी थट्टा करायला गेलो आणि इंजिनाच्या आवारातल्या ओळखीच्या खलाशाला विचारून आलो. त्यानं सांगितलं, इंजिनाच्या पोटातही पुट चढतं, त्याला थंड करून, उघडून, धुवावं लागतं, नाहीतर घाटात दम सुटतो. मी ही बातमी आणली तेव्हा तुम्ही तांदूळ निवडत होतात. सूप खाली ठेवलंत, आणि आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालात, "सायबाच्या बंबाला पन औषध लागतं!" तो दिवसभर तुमचा चेहरा दिवाळीसारखा होता.

आणि दिवाळी म्हटलं की ती दिवाळी आलीच. वहिनी, आज रागावू नका, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

तुमचे वडील पहिल्यांदाच सणाला आपल्याकडे राहायला आले होते. कर्जतेच्या पाण्यातही आपला बंब कसा ठेवलाय हे त्यांना दाखवायचं म्हणून तुम्ही काढा दुप्पट घातलात. आदल्या दिवशी बंब घासून सोन्यासारखा केलात, हळदकुंकवाचे पट्टे ओढलेत, गळ्यात कारिटाच्या वेलाची माळ घातलीत. पहाटे तुमचे वडील तेल-उटणं लावून पाटावर बसले. बंब नीट पेटला होता, हुंकार नाही, खडखड नाही. तुमची मान अशी ताठ. आणि एकदम नळीतून फस्स झालं. विस्तव विझला, राख उडाली, वाफ आणि धूर यांच्यात बंब दिसेना. धुरातून तुमच्या वडिलांचा आवाज, "अगं कमळे, मला न्हाऊ घालतेस का शिजवतेस? शिजवायचा असलो तर डाळीबरोबर नको गं, मी अगोदर शिजेन!"

दादा इतका हसला की गुडघे विसरून उभा राहिला. तुम्ही ओठ मिटून राख झाडत होतात. माळ तेवढी जागेवर होती.

तांबट आला, नळीला कथलाचा डाग लावला, आणि म्हणाला, भोक जुनंच आहे, पुटानं बुजलं होतं, पुट निघालं म्हणून दिसलं. मला काय, आयतं सापडलं! मी ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणालो, "बघा! म्हणजे पुटच बंब सांभाळत होतं. तुम्ही औषध पाजून रोगी मारलात." तुम्ही वर बघितलं नाहीत. म्हणालात, "भोक झाकनं म्हंजे सांभाळनं नाय, भावोजी." आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा काढा घातलात. या वेळी मोजका. तेवढा माझा विजय धरा.

आईनंतरचा आपला वाद मात्र थट्टेचा नव्हता. तिचं सगळं झाल्यावर एक दिवस मी म्हणालो, आता नदीचं पाणी आणू. प्यायला नको, नुसतं बंबाला. काढे नकोत, घासणं नको, तुमच्या हातांना आमसुलानं पडलेल्या चिरा नकोत. अडवणारं आता कोण आहे? पावसाळ्यात तुम्ही पागोळ्यांखाली घंगाळी मांडून ते पाणी बंबाला घालायचात, तेव्हा चार महिने बंब कसा गुणी बाळासारखा असायचा ते मी बघत होतो. नदी काय, पावसाचंच पाणी. तुम्ही म्हणालात, "त्या गेल्या म्हनून त्यांचा शब्द गेला का?" मी म्हणालो, शब्द पाण्याबद्दल नव्हता, भीतीबद्दल होता. तुम्ही म्हणालात, "व्हय. त्यांचं पोर गेलं होतं. बंब मी सांभाळते, तुमी आईचा शब्द सांभाळा." तुम्हाला स्वतःचं मूल नव्हतं. 

अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. आणि अजूनही मी नदीवर गेलेलो नाही.

या पावसाच्या शेवटी तुम्ही तापानं पडलात. पागोळ्या थांबल्या, बंबाला पुन्हा विहिरीचं पाणी सुरू झालं, आणि काढा चुकला. तो आठवड्याभरात आवाज करू लागला. मी तुमच्या उशाशी गरम पेजेची वाटी घेऊन बसलो होतो. परसातून खडखड ऐकू आली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भावोजी, कफ झालाय त्याला."

माझा विनोद. इतक्या वर्षांत तुम्ही माझा विनोद एकदाही उचलला नव्हतात. मी काय म्हणायला हवं होतं? की काढा मी घालतो, तुम्ही निजा. की तुमच्यामुळे माझा भाऊ चालतो. मी म्हणालो, "नाडी बघून येतो," आणि वैद्यासारखा पाय टाकत बाहेर गेलो, कारण तुमच्या ओठांवर हसू आलं होतं आणि मला ते तसंच ठेवून जायचं होतं. परत आलो तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. त्यानंतर तुम्ही बोललात ते ग्लानीत, आणि खालापूरच्या माणसांशी.

तुमचं शेवटचं पाणी बंबात तापलं नाही. रीत तशी नाही. अंगणात तीन दगड मांडले, त्यावर नवं मडकं. घरातल्या प्रत्येकाला जन्मभर पाणी तापवून दिलंत आणि तुमचं पाणी उघड्यावर, मातीच्या भांड्यात, वाऱ्यानं ज्योत इकडे तिकडे होत तापलं. मी ते विहिरीतून काढलं होतं. जड पाणी. शेजारच्या बायका तुम्हाला न्हाऊ घालत होत्या आणि बंब परसात थंडगार उभा होता. त्याच्याकडे पाठ करायलाही मला जमेना.

तेरावा झाला. माणसं गेली. आणि दादानं गरम पाणी सोडलं. "नको रं," म्हणाला, "आता कोनासाठी उठायचं?" गार पाण्याचा तांब्या बाजेवरच अंगावरून फिरवायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. पाय दिवसागणिक आखडत चालले. भात कापणीला आलं, तरी शेताकडे मान वळेना. मी नकला केल्या. त्यानं बघितलंच नाही. माझ्या नकलांनी हसला नाही असा दादा मी कधी बघितला नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, की हाही चालला.

म्हणून परवा बंब पेटवला, आणि तो ओरडला, ते मी वर सांगितलंच. कोमट पाण्याची बादली दादापुढे नेली. त्यानं बोट बुडवलं आणि काढलं.

काल अमावास्या होती. सकाळी मी परसात उभा राहिलो. आमसुलं किती, चिंच किती, तूस किती वेळ धुमसायचा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मी कधी विचारलं नाही. कोणाला विचारू? मग मी आपोआप पंचा डोक्यावरून घेतला.

वहिनी, माझे हात तुमचे झाले. आमसुलाची मूठ तुम्ही भरायचात तशी भरली गेली, किंचित उघडी. चिंच तळहातावर एकदा तोलून त्यातली थोडी परत टाकली गेली. कोळताना अंगठा आतून फिरला. तूस घातला, वरून पाण्याचा हबका मारला. इतकी वर्षं चार माणसांना हसवायला जे केलं त्यात तुमची एकेक हालचाल मी जपून ठेवली होती, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता. मग वाकलो, जवळ होता तो कान बंबाला लावला. आत सुरसुर चालली होती. पानांवरून पाऊस लांबून येताना ऐकू येतो तशी. तुम्ही हे ऐकत असायचात तर. मी आपला भुवया वर करून दाखवत होतो, आणि आवाज असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

मी कान काढेना. किती वेळ गेला कोण जाणे.

मागून आवाज आला. "पदर खोचला नायस."

दादा परसाच्या दारात होता. दोन्ही हातांनी चौकट धरून, पाय थरथरत, पण उभा. बाजेपासून तिथवर कसा आला, भिंत धरून की सरपटत, ते मी विचारलं नाही.

"काय?"

"पंचा लोंबतोय. ती पदर खोचल्याबिगर बंबाजवळ जायची नाय. जळशील रं मेल्या."

मी पंचा कमरेला खोचला. 

"आनि तिचा कान डावा," दादा म्हणाला.

मी मान वळवली, डावा कान लावला. दादा हसला नाही. मीही हसलो नाही. आम्ही दोघं तुमची सुरसुर ऐकत राहिलो, तो दारातून, मी बंबाला चिकटून. ती थांबली तेव्हा मी तोटी सोडली. दुधासारखं पाणी, पापुद्रे, आणि मग हळूहळू धार मोठी झाली. ते सगळं कुंपणापार नेऊन ओतलं. केळीजवळून जाताना तुमची आठवण ठेवून लांबून गेलो.

आतून घासला, दोनदा विसळला, विहिरीचं पाणी भरलं, बंबफोड लावली. हुंकार नाही. दादाला खांद्यावर घेऊन दगडावर बसवलं, आणि पहिला तांब्या त्याच्या गुडघ्यावर ओतला.

त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "आनखी ओत."

तर वहिनी, आपला वाद तसाच आहे. पाणी विहिरीचं, शब्द आईचा, काढा तुमचा. यंदा आपल्या दाराशी दिवाळी नाही, बंबाला माळ नाही. पण पुढची अमावास्या येईल तेव्हा मी पंचा डोक्यावरून घेईन, खोचेन, आणि जरा तिरका उभा राहीन. दाराची फट मी बंद करत नाही.